‘काही झालं तर?’ याच्या आधी विचारायचा प्रश्न

एका आईंनी विचारलंय. मुलगी वीस वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत घर. कॉलेजच्या ग्रुपबरोबर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड जाणार आहे आणि पुढच्या वर्षी एव्हरेस्ट बेस कॅम्पचं खूळ डोक्यात आहे. ‘वाटेत कोण पडलं, आजारी पडलं, रस्ता बंद झाला, तर हे ट्रेकवाले नेमकं करतात काय? की सगळं देवावर सोडलेलं असतं?’

ताई, देवाचं नाव आम्हीही घेतो. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घातल्याशिवाय आमची मोहीम हलत नाही. पण बावीस वर्षं या धंद्यात काढल्यावर एक सांगतो. येणारा प्रत्येक पालक आधी विचारतो, ‘फर्स्ट एड बॉक्स आहे का हो?’ आहे. सगळ्यांकडेच असतो. तुम्ही त्याच्या आधी हे विचारा: ‘अर्ध्यातून परत फिरावं लागलं तर पैशाचं काय?’

हसू नका. हा प्रश्न मी स्वतः एका ओढ्याच्या काठावर शिकलोय.

हीच पावनखिंडीची वाट, करपेवाडीच्या पुढं, जुलैचा दुसरा आठवडा. माझ्याबरोबर ४६ जण. सकाळी वाडीतला माणूस सांगून गेला होता की ओढ्याला गुडघाभर पाणी आहे. आम्ही पोचलो दुपारी तीनला, तोवर पाणी कमरेला लागलेलं आणि चहासारखं गढूळ. आमचा तेव्हाही नियम होता, गुडघ्याच्या वर पाणी आणि तळ दिसत नाही, तर माणूस उतरवायचा नाही. पण इचलकरंजीचे एक गृहस्थ पुढं आले. ‘दोर हाय न्हवं? मग बांधा की. साडेबाराशे रुपये काय भाकरी खायला भरल्यात व्हय?’ मागचे दहा-पंधरा जण हसले आणि त्यांच्या बाजूचे झाले.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात पाण्याची खोली नव्हती. ४६ गुणिले साडेबाराशे, म्हणजे सत्तावन्न हजार पाचशे, हा हिशेब चालला होता. त्यातले निम्मे एसटीच्या खास गाडीला आणि जेवणाला गेलेले. परत द्यायचे म्हटलं तर खिशातून. मी सॅकमधून दोर बाहेर काढलासुद्धा. तेवढ्यात इरलं घेतलेले एक आजोबा वरच्या बांधावरून म्हणाले, ‘वरनं अजून येतंय बाबा. काटक्या बघ की, कशा वाहून याय लागल्यात.’ पाण्यावर बारक्या काटक्या, पाचोळा, मध्येच फेसाचा गोळा. ओढा फुगायच्या आधी तो असा कचरा पुढं पाठवतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. पंधरा मिनिटांत जांभळीची एक अख्खी फांदी आली आणि ते गृहस्थ गप्प झाले. रात्र आम्ही वाडीतल्या शाळेत काढली. भाकरी, पिठलं आणि ओल्या कपड्यांचा वास. दुसऱ्या दिवशी गाडीरस्त्याला जाऊन वडापच्या जीपनं खिंडीजवळचं पांढरपाणी गाठलं.

परत आल्यावर आम्ही तिघा भागीदारांनी दोन गोष्टी कागदावर लिहिल्या. पाऊस, ओढा, दरड किंवा प्रशासनाचा आदेश यामुळं ट्रेक तोडावा लागला तर माणसाला पुढची तारीख फुकट नाहीतर निम्मे पैसे परत, वाद नाही. त्यासाठी प्रत्येक फीमधले दहा टक्के वेगळ्या खात्यात जातात, त्याला आमच्यात कोणी हात लावत नाही. दुसरं, परत फिरायचा निर्णय जागेवरच्या लीडरचा. मला फोन करून विचारायचं नाही, कारण मी ऑफिसात कोरडा बसलेला असतो. अपघातांच्या ज्या ज्या गोष्टी मी जवळून ऐकल्या, त्यांत डोंगर जितका होता तितकाच ‘आता एवढं आलोय तर’ होता. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पैसा नाहीतर लाज.

आता माणूस खरंच जायबंदी झाला तर काय, ते सांगतो.

मागं एकदा खोतवाडीच्या अलीकडं एका मुलीचा पाय निसरड्या दगडावर मुरगळला. मुरगळला असं आम्ही म्हणालो, पण घोट्याच्या वर हाड मोडलं होतं. अशा वेळी पहिली पाच मिनिटं कोणी काही करायचं नाही, असं मी नव्या पोरांना शिकवतो. म्हणजे उचलायचं नाही, ओढायचं नाही, दहा जणांनी भोवती कोंडाळं करायचं नाही. एकानं तिच्याशी बोलत राहायचं, दुसऱ्यानं अंग तपासायचं. डोकं आपटलंय का, आणखी कुठं दुखतंय का, बोटं हलतात का. मग बसायची फोमची मॅट पायाभोवती गुंडाळून, वर-खाली क्रेप बँडेजनं बांधून पाय होता तसा स्थिर केला. बोटं गार पडली का, रंग बदलला का, हे दर अर्ध्या तासानं बघायचं.

तिथं रेंज नव्हती. मसाई पठारावर कुठं कुठं मिळते, खाली झाडीत शिरलं की गेली. म्हणून दोन माणसं चिठ्ठी घेऊन पळाली. एकटं कधीच पाठवायचं नाही, कारण तोही घसरू शकतो. चिठ्ठीत नाव, वय, काय झालं, किती वाजता, नेमकी जागा, शुद्धीत आहे का, बरोबर किती माणसं आहेत आणि काय पाहिजे. तोंडी निरोप दोन माणसांत बदलतो. ‘पाय मोडलाय’ याचं वाडीत पोचेपर्यंत ‘पोरगी दरीत पडली’ झालेलं मी बघितलंय. रेंज मिळाली की फोन तीनच: १०८, वाडीतला आमचा माणूस, आणि कोल्हापूरचं ऑफिस.

१०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथवर न्यायचं काम आपलंच. दोन बांबू आणि घोंगडं, त्यावर ती मुलगी, चार किलोमीटर. एका वेळी सहा जण, दहा मिनिटांनी खांदेपालट. ते चार किलोमीटर जायला जवळपास चार तास लागले, चिखलात. कॉलेजची पोरं पहिल्या तासातच थकली. पुढं वाडीतली माणसं आली आणि त्यांनी स्ट्रेचर अक्षरशः काढून घेतलं. त्यांची चाल एकसारखी होती, मुलीला धक्के बसायचे थांबले. या माणसांना त्या दिवसाची मजुरी द्यायची असते, हे मुद्दाम लिहितो. गाववाल्यांची ‘माणुसकी’ फुकटात वापरून वर फोटो टाकणारे आयोजक आमच्यात आहेत, आणि पुढच्या वर्षी त्यांना कोणी दार उघडत नाही.

जायचं कुठं हे आधी ठरलेलं असतं. वाटेच्या पहिल्या टप्प्यात काही झालं तर पन्हाळ्याचं ग्रामीण रुग्णालय, पांढरपाण्याकडच्या बाजूला मलकापूर, आणि मोठं काही असेल तर कोल्हापूरला सीपीआर, म्हणजे तिथलं मोठं सरकारी रुग्णालय. त्या-त्या दिवशी कुठं डॉक्टर आहेत, सर्पदंशाची लस आहे का, हा फोन आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी करतो.

सापाचं निघालंच आहे तर: बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, साप मारून पिशवीतून आणायचा नाही. अंगठी, कडं, पैंजण काढायचं, तो अवयव मोडलेल्या हाडासारखा स्थिर करायचा, वेळ लिहायची आणि दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडची लस चालते. आपल्या घाटातला हिरवा चापडा चावला तर तिचा उपयोग नाही, तिथं लक्षणांवर उपचार होतात. म्हणून रात्री झुडपात हात घालायचा नाही. सापापेक्षा मला भीती आग्या मोहोळाची. गडाच्या कड्याखाली ही पोळी असतात आणि एखादा शहाणा खालून दगड मारतो. अत्तर, धूर, आरडाओरडा यावर आमच्याकडं बंदी आहे. उठलंच तर तोंड झाकून सरळ पळायचं, हात झटकायचे नाहीत, पाण्यात उडी मारायची नाही. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर एक मिनिट न घालवता दवाखाना.

या सगळ्याहून जास्त वेळा येणारी अडचण म्हणजे लपवलेलं आजारपण. फॉर्मवर ‘काही आजार?’ याच्यापुढं सगळे ‘नाही’ लिहितात. मसाई पठारावर एक पन्नाशीचे गृहस्थ अचानक भांडायला लागले. शांत माणूस, पण शिव्या द्यायला लागला, दरदरून घाम, हात थरथरत. बरोबरच्यांना वाटलं रात्रीची उतरली नाही. ते डायबेटिसचे होते, इन्शुलिन घेतलेलं आणि पोहे ‘तेलकट आहेत’ म्हणून सोडलेले, म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली गेलेली. गिळता येत होतं म्हणून गूळ आणि पाणी दिलं. आपल्याकडं त्याला काय तोटा! दहा मिनिटांत माणूस जागेवर आला आणि सगळ्यांची माफी मागत बसला. बेशुद्ध असते तर तोंडात काही घालता आलं नसतं. आता आम्ही फॉर्मवर भागवत नाही. प्रत्येकाशी फोनवर एकट्यात बोलतो, आणि ‘आजार आहे का’ असं न विचारता ‘रोजची गोळी कुठली चालू आहे’ असं विचारतो. फरक पडतो. तुमच्या मुलीला दम्याचा पंप वगैरे असेल तर लीडरला सांगायला सांगा, मैत्रिणींसमोर नको वाटत असेल तर फोनवर.

आमच्या हातून काही चुकलंच नाही असं नाही. एका वर्षी धुक्यात मसाई पठारावर आम्ही एक पोरगा मागं सोडला. लेण्यांकडं बघायला गेला आणि परतताना वाट चुकला. कुंभारवाडीत मोजणी केली तर डोकी बरोबर भरली, कारण दुसऱ्याच ग्रुपचा एकजण आमच्या पोरांत मिसळला होता. दोन तासांनी एका धनगरानं त्याला हाताला धरून आणला. पोरगा रडत होता, मीही आतून रडत होतो. त्याच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं, लपवलं नाही. तेव्हापासून डोकी मोजत नाही, हजेरी घेतो, नंबर आणि नाव. सगळ्यात मागं आमचा माणूस असतो, त्याच्या मागं कोणी राहायचं नाही, लघवीला गेलेलासुद्धा. आषाढात त्या वाटेवर हजारो माणसं असतात. गर्दीत हरवणं जंगलात हरवण्यापेक्षा सोपं आहे.

आता ट्रेकपेक्षा वेगळी पंचाईत, रस्ता बंद. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आम्ही जुलैभर पंचांगासारखे बघतो. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथं नदी पात्राबाहेर आली, की पन्हाळा रस्ता पाण्याखाली गेला. म्हणजे तुमची पोरं डोंगरात अगदी सुखरूप असली तरी घरी येऊ शकत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमचा उत्तराखंडहून परतणारा ग्रुप पुण्यापर्यंत आला आणि पुढं शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. अठरा माणसं कराडला लॉजवर ठेवली, रस्ता खुला होईपर्यंत. खोलीचा खर्च आमचा, जेवण ज्याचं त्याचं, हे बुकिंगच्या कागदावर लिहिलेलं होतं म्हणून भांडण झालं नाही. त्यातल्या सात जणांच्या घरात इकडं पाणी शिरलेलं. त्यांना तिथं बसवून ठेवणं हे त्या सहलीतलं सगळ्यात अवघड काम होतं. २०२१ ला तोच महामार्ग पुन्हा गेला. मे २०२५ मध्ये तर पाण्याचा थेंब नसताना, पाकिस्तानबरोबरच्या संघर्षामुळं, लेह, श्रीनगर, चंदीगडचे विमानतळ काही दिवस बंद झाले. तेव्हा दिल्लीपर्यंत गाडीनं यायची सोय ज्यानं आधीच हेरून ठेवली होती, त्याची माणसं लवकर घरी आली.

अशा वेळी सगळ्यात जास्त गोंधळ मोबाइल घालतो. त्या ओढ्यामुळं वाडीत थांबलो असताना एकानं रेंज मिळताच स्टेटस टाकलं, ‘अडकलोय, प्रार्थना करा’. आम्ही तिथं चहा पीत होतो. तासाभरात मंगळवार पेठेतल्या आमच्या ऑफिससमोर बारा पालक उभे. तेव्हापासून ट्रेक चालू असेपर्यंत ऑफिसात एक माणूस फक्त फोनला असतो, रात्रीसुद्धा. अडचण आली की तो स्वतः प्रत्येक घरी फोन करतो, यादीनं. काय झालंय, काय माहीत नाही, पुढचा फोन किती वाजता, एवढंच बोलतो. सातला करतो म्हटलं की नवीन काही नसलं तरी सातला करतो. तुमच्याकडं असा एक नंबर दिलेला नसेल तर मागून घ्या.

हिमालयाचं प्रकरण वेगळं आहे. तिथं पाय मोडायच्या आधी उंची मारते.

एव्हरेस्टच्या वाटेवर लोबुचे, उंची ४,९४० मीटर. रात्रीचं जेवण चाललेलं. आमच्यातल्या एका ताईंच्या हातातून चमचा दोनदा पडला. विचारलं तर ‘झोप आल्या नुसती’. मी त्यांना फरशीच्या रेषेवरून चालायला लावलं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. चौथ्या पावलाला भिंत धरली. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काय म्हणतंय यावर मी फार जात नाही. तोल गेला म्हणजे मेंदूला सूज असं धरायचं आणि खाली उतरवायचं, सकाळची वाट बघायची नाही. हेलिकॉप्टर रात्री उडत नाही. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे डेक्सामेथासोन हे सूज उतरवायचं औषध दिलं आणि साडेआठला दोन शेर्पा, मी आणि त्या, बॅटरीच्या उजेडात निघालो. फेरिचेला, ४,३७१ मीटरवर, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात चालू असतो. पोचायला साडेबारा झाले. साडेपाचशे मीटर उतरल्यावरच त्या नीट बोलायला लागल्या होत्या. सकाळी लापशी खाल्ली आणि मग खरं सांगितलं. डोकं दोन दिवस दुखत होतं. ‘सांगितलं असतं तर तुम्ही परत पाठवलं असतं, आणि घरात सगळ्यांना सांगून आलेय ओ.’

बघा, परत तेच. म्हणून आता काठमांडूतच सांगतो की डोकं दुखतंय असं बोलणाऱ्याला कोणी लगेच खाली पाठवत नाही, एक दिवस तिथंच मुक्काम होतो. तो जादाचा दिवस, आणि खाली उतरायची वेळ आली तर बरोबर जाणाऱ्या माणसाची मजुरी, फीमध्येच धरलेली असते. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा साधा नियम. जे टूरवाले ‘कमी दिवसांत, कमी पैशात’ म्हणतात ते नेमके हेच दिवस कापतात. त्यांना विचारा, जादा दिवस कुठल्या गावात आहेत.

विम्याची पॉलिसी स्वतः वाचा. बऱ्याच प्रवासी विम्यांत ट्रेकिंग वगळलेलं असतं किंवा उंचीची मर्यादा असते. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे, तेवढी उंची आणि हेलिकॉप्टर दोन्ही त्यात हवं. हेलिकॉप्टर कंपनी पैशाची हमी मिळाल्याशिवाय पंखा फिरवत नाही, तेव्हा पॉलिसी नंबर काठमांडूच्या एजंटकडं आणि इथल्या ऑफिसातही पाहिजे. उलट बाजूही आहे. साध्या खोकल्यालाही हेलिकॉप्टर मागवून विमा कंपन्यांना बिलं लावायचा धंदा नेपाळात चालायचा, २०१८ मध्ये तिथल्या सरकारच्या चौकशीत तो बाहेर आला. त्यामुळं हेलिकॉप्टर बोलवायचं का, हे एजंट नाही, आपला लीडर ठरवतो. लुक्लाचं विमान धुक्यामुळं रद्द होणं हे तर नेहमीचंच. परतीच्या तिकिटात दोन दिवस मोकळे नसतील तर ते तिकीट काढू नका.

कागदाचं थोडक्यात. २०२१ मध्ये राज्य सरकारचं साहसी पर्यटन धोरण आलं, त्यानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते. ती बघा. ‘जबाबदारी माझी’ अशी सही घेतली म्हणून आयोजकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही, तेव्हा त्या सहीला घाबरू नका आणि आयोजकानंही तिच्यावर झोपू नये. डोंगरात मोठा प्रसंग आला तर महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांची समन्वय यंत्रणा आहे, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. त्या भागातल्या रेस्क्यू टीमला तेच हलवतात. लीडरला हे नाव माहीत नसेल तर त्याच्या मागं मुलीला पाठवू नका.

पावनखिंडीचं विचाराल तर जाऊ द्या तिला. लीडर किती ते विचारा. पन्नासला चार असतील तर ठीक, दोन असतील तर नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड सॅकच्या तळाशी ठेवायचा, आणि तो झोपायच्या वेळेपर्यंत उघडायचा नाही, कितीही भिजली तरी. घरातला खाण्याचा डबा दिलात तरी चालेल, पण जळवांसाठी मीठ द्यायला विसरू नका.

आमची स्वतःची येत्या शनिवारची तारीख आज सकाळीच पुढं ढकलली. गगनबावड्याकडं तीन दिवस पाऊस उघडला नाही. चाळीस जणांना फोन करायचेत, एकोणीस झालेत, त्यातले तिघे पैसे परत मागतायत. ते आज संध्याकाळपर्यंत त्यांच्या खात्यावर जातील.